सहनमर्यादा : दहा सेंटिमीटर

मुहर्रकमध्ये, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसीमुळे मी सप्टेंबरातही स्वेटर घालते,
मला पगार मिळतो तो नात्यांचा.
माणसांच्या नव्हे. प्लॉटांच्या, गटारांच्या,
विजेच्या खांबांच्या.
कोण कुणाला खेटून, कोण कुणाच्या पोटात,
कोण कुणाला छेदून पलीकडे गेलं,
आणि कुणाचा कुणाशी काडीचा संबंध नाही.
(संगणक यालाही नातंच म्हणतो. 'विलग'.
त्याच्या यादीत हे सगळ्यात वर.)

अप्पा गडहिंग्लजला मोजणी खात्यात साखळी ओढायचे.
त्यांच्या कागदावर जमीन कधी एकटी नसे :
पूर्वेस भरमा चौगुले यांचा गट, दक्षिणेस ओढा,
पश्चिमेस पाणंद, उत्तरेस खुद्द लिहून देणार.
चार शेजारी सांगितले की मधलं आपोआप ठरतं, म्हणायचे,
आणि हद्दीच्या दगडावर बसून डबा उघडायचे.
दोन्हीकडचे भांडत राहायचे.
दगड त्या वेळापुरता अप्पांचा.

इथे दगड नाहीत, नियम आहेत.
किनारा आणि जमीन यांत फट नको.
एकावर एक नको. लोंबतं टोक नको.
दहा सेंटिमीटरच्या आत आलेल्या दोन रेघा
यंत्र न विचारता चिकटवून टाकतं.
तिला सहनमर्यादा म्हणतात.
आमच्या घरात ती याहून कमी होती.

मंगळवारी चूक क्रमांक चारशे बारा.
समाहीजच्या पुढे, भराव घातलेल्या जमिनीत,
तेरा व्हिला आणि एका जिमच्या मधोमध
एक रेघ, बाणाच्या फाळासारखी,
टोक खोल पाण्याकडे, जे आता नाही.
लाल अक्षरं : समुद्रातली वस्तू समुद्राबाहेर.

हद्रा आहे ती, रेदा म्हणाला.
खजुरीच्या काठ्यांचं कुंपण, उथळ पाण्यात.
भरतीला मासा आत शिरतो,
ओहोटीला त्याला दार आठवत नाही.
जुन्या हवाई फोटोवरून कुणीतरी आखून ठेवलीय.
पुसून टाक.

पुसायला एक कळ लागते.
मी मालकाचं नाव उघडलं. हाजी मकी.
फोन नंबर सहा आकडी,
म्हणजे केव्हाच बंद पडलेला.

गुरुवारी घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत सापडले.
उंबऱ्याखाली तीन पायऱ्या, थेट वाळूत उतरणाऱ्या.
तिसरीवर कालवांची टरफलं, सिमेंटासारखी घट्ट.
समुद्र नऊशे साठ मीटरवर. मी मोजला. त्यांनी विचारलं नव्हतं.

मोडक्या हिंदीत म्हणाले, चल.
जिमच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या पट्ट्यांवरून
चपला काढून चालले, डांबर तापलेलं असताना,
आणि एका पाजेरोच्या मागे थांबले.
इथे 'सिर्र'. शेवटचा कप्पा, जिथे मासा गोळा होतो.
सिर्र म्हणजे गुपित, रेदाने सांगितलं.
टॅब्लेटवर तो कप्पा चार मीटर पलीकडे होता.
हाजी चुकले, की उपग्रह?
मी नोंद घेतली नाही.
पाजेरोवाला येऊन हॉर्न वाजवत होता.

ऑफिसात यंत्राने तीन वाटा दिल्या :
पुसा, सरकवा,
अपवाद म्हणून नोंदवा.
तिसरी निवडली की कारण मागतं.
पन्नास अक्षरांची चौकट.
मी अप्पांच्या वळणाने लिहिलं, मराठीतच,
हात दुसरीकडे वळेना :
पूर्वेस जिम, पश्चिमेस तीन पायऱ्या,
उत्तरेस गाडी, दक्षिणेस

अक्षरं तिथेच संपली.

रविवारी पाहिलं, चौकटीला देवनागरी येत नाही.
माझ्या कारणाच्या जागी रिकामे चौकोन,
एकाला एक खेटून, मध्ये फट नाही,
एकावर एक नाही, टोक लोंबत नाही.
तपासणी चालवली.
चूक शून्य.